अनंताच्या वासाचं दही

पुण्याहून परतले त्या दुपारी आत्यांनी माझ्या पानात दही वाढलं, आणि मला अनंताच्या फुलाचा वास आला.

आमच्या मिरजेकडे सासूला आत्या म्हणतात. माझ्या आत्या, छाया चौगुले, गजरा माळणाऱ्यांतल्या नाहीत. घरात अनंताचं झाडही नाही. तरी मी आधी देवघराकडे बघितलं, मग खिडकीकडे, आणि शेवटी पानाकडे.

"आत्या, हा वास कसला?"

"दह्याचा आहे तो," आत्या एखादी पैठणी उलगडून दाखवावी अशा थाटात म्हणाल्या. "अख्खी कॉलनी येडी झालीय या दह्यापायी. तू नव्हतीस ना, तुला काय माहीत."

माझा घास तोंडातच राहिला. दह्याला अनंताचा वास यायला या जगात एकच कारण असू शकत होतं, आणि ते आमच्या घराखालच्या जुन्या गॅरेजमध्ये, माझ्या फ्रिजमध्ये, कुलूपबंद असायला हवं होतं.

माझा धंदा वासाचा आहे. घरगुती किण्वनाचे, म्हणजे जिवाणू-यीस्टकडून माल करून घेण्याचे, परवाने मिळायला लागल्यापासून आमच्या भागात पापड-लोणच्यांच्या जोडीला हा नवा उद्योग आला. जयसिंगपूरची एक बाई यीस्टकडून केवडा करून घेते, इचलकरंजीत दोघी बहिणी मोगरा काढतात. मी अनंताच्या मागे लागले, कारण अनंताचं अत्तर निघत नाही. गुलाब भट्टीवर चढवता येतो. अनंत चढवला की शिजल्या पालेभाजीचा वास उरतो. बाजारात अनंत म्हणून जे मिळतं ती दुसऱ्याच वासांची मिसळ असते.

फूल वास साठवून ठेवत नाही, तो त्या त्या वेळी तयार करतं. पाकळीच्या पेशीत एक एन्झाइम असतं, शाळेच्या पुस्तकात ज्याला विकर म्हणतात ते. पेशीकडे इतर कामांसाठी ठेवलेला साधा कच्चा माल असतो. हे एन्झाइम त्यातला एक रेणू उचलतं, त्याचं शेपूट तोडतं आणि लिनालूल नावाचा हलका रेणू मोकळा करतं. हलका म्हणून तो उडतो, आणि आपण म्हणतो, काय छान वास सुटलाय. अनंताच्या वासात सगळ्यात मोठा वाटा या लिनालूलचा. एन्झाइम कसं बांधायचं याची कृती एका जीनमध्ये असते. ती कृती फुलातून उचलून मी एका जिवाणूत बसवली. जोडीला वासाचे आणखी दोन बारके जीन बसवले, आणि तो जिवाणू साखर खाऊन अनंताचा वास सोडायला लागला.

जिवाणू मी दह्यातलाच निवडला. आमच्याकडे पनीरच्या कारखान्यांतून निवळीचे, म्हणजे दूध फाटून उरलेल्या पाण्याचे, टँकरच्या टँकर ओढ्यात सोडतात, आणि त्या निवळीत दुधाची साखर असते. ती खाणारा दह्याच्या जिवाणूइतका हावरा दुसरा कोण मिळणार? फुकटच्या निवळीवर अत्तर, हाच माझा सगळा डाव होता. तो दाखवायलाच मी पुण्याला गेले होते आणि परवाना कायम होण्याच्या गोष्टी करून आले होते.

"आत्या, विरजण कुठून आणलंत?"

"तुझ्या फ्रिजातनं," त्या सहज म्हणाल्या. "लाईट गेली की खालचा फ्रिज बघा, हे तूच सांगून गेलीस की. किल्ली कशाला दिलीस मग? आपलं विरजण उन्हानं आंबटढाण झालं होतं, ते मी टाकलं. तेवढ्यात कोऱ्यांची प्रणोती आली वाटी घेऊन. विरजण मागायला आलेल्या बाईला मोकळ्या हातानं पाठवू होय? खाली बाटलीत दूध घट्ट झालेलं दिसलं. दही नाहीतर काय म्हणायचं त्याला?"

"त्याच्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, आत्या!"

"इंग्रजीत होतं. आणि चष्मा वर राहिला होता."

सगळ्यात संताप याचा आला, की शास्त्राच्या दृष्टीनं त्यांचं बरोबर होतं. दुधात वाढवून पाहिलेला दह्याचा जिवाणू म्हणजे दहीच की. मी पान सरकवलं, वाटी उचलली आणि खाली धावले.

घाबरायचं कारण नाही, असं मी जिना उतरताना स्वतःला सांगत होते. हा जिवाणू बाहेर जगू नये म्हणून आम्ही त्याला मुद्दाम पांगळा करून ठेवला होता. पेशीला नवा डीएनए बांधायला थायमिडीन नावाची एक वीट लागते. प्रत्येक जिवाणू ती स्वतः करतो, माझ्या जिवाणूची ती सोय मी काढून टाकली होती. टाकीत आणि बाटलीत आम्ही ती वरून घालतो. बाहेर गेला की तो उपाशी मरणार. दुधात, मातीत, गटाराच्या पाण्यात टाकून आम्ही हे तपासलं होतं, आणि प्रत्येक वेळी तो मेला होता.

पण आत्यांचं दही रोज नव्या दुधात लागत होतं. जिवाणू मेला असता तर वास केव्हाच पातळ होऊन गेला असता. जीन वाचायचं यंत्र आता मोबाईलएवढं झालंय. त्यात दह्याचा थेंब टाकला, आणि चहा गाळून होईल एवढ्या वेळात उत्तर आलं. तो जिवंत होता, अगदी सुखात होता.

कारण समजलं तेव्हा मी कपाळाला हात लावला. मातीत आणि गटारात त्याला खायला दुधाची साखरच नव्हती, आणि दुधात तपासलं तेव्हा ते निर्जंतुक होतं, तो एकटा होता. घरातल्या दह्यात तो एकटा कुठे असतो? आत्यांचं भांडं, डाव, प्रणोतीची वाटी, सगळीकडे दह्याचे आधीचे रहिवासी होतेच. त्यातले म्हातारे मरतात, फुटतात आणि त्यांच्या पोटातलं थायमिडीन दह्यात सांडतं. माझा पांगळा त्याच्यावर पोसला जात होता. शेजाऱ्यांचं उसनं घेऊन तो जगत होता, आणि हे आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

आत्या जिन्यावरून हळूहळू खाली आल्या.

"एवढं काय आभाळ कोसळलं? खाण्यासारखं नव्हतं का ते? मी खातीय, तुझा नवरा खातोय. विजूला तर तेवढंच जातंय पोटात."

विजूकाकींचं नाव ऐकलं आणि मी वाटी खाली ठेवली.

विजयमाला कोरे या आत्यांच्या मैत्रीण. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन या कॉलनीत आल्या, आणि तेव्हापासून भांडत, एकमेकींकडून साखर-विरजण नेत इथेच राहिल्या. विजूकाकींना कॅन्सर निघाला. केमो सुरू झाली आणि त्यांचं जेवण सुटलं. गंजका खिळा चोखल्यासारखं लागतं म्हणायच्या. वजन उतरत चाललं, आणि डॉक्टरांनी सांगितलं, खाल्लं नाही तर पुढचा डोस देता येणार नाही. त्यांची मुलगी प्रणोती सोलापुरात शाळेत शिकवते, ती रजा टाकून आली होती. घरचं ताजं दही चालेल असं डॉक्टरांनी म्हटल्यावरच ती विरजणासाठी आमच्याकडे आली होती. आणि या दह्याचा भात काकी खायला लागल्या होत्या. रोज दुपारी आत्या स्वतः वाटी घेऊन जायच्या. वासामुळे आई जेवायला लागली, असं प्रणोती कॉलनीभर सांगत होती.

खोटं कशाला बोलू, त्या भीतीतसुद्धा मला क्षणभर बरं वाटलं. माझ्या वासानं एक आजारी बाई जेवली होती.

पण केमोनं पांढऱ्या पेशी खाली येतात. धडधाकट माणसाला ज्याचं काही होत नाही, असा जिवाणू अशा माणसाच्या रक्तात शिरू शकतो. आणि हा तर कुणी कधी पोटात घेतलेलाच नव्हता. काय करेल, मलाही माहीत नव्हतं.

सोपा रस्ता समोर होता. गुपचूप नवं विरजण न्यायचं, जुनं उकळून ओतून द्यायचं, कुणाला कळलं नसतं. परवानाही राहिला असता. पण काकींना काही झालं असतं तर डॉक्टरांना काय शोधायचं तेच कळलं नसतं. मी चप्पल घातली.

"मी पण येते," आत्या म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदा बारीक झाला होता.

विजूकाकी पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या. डोक्याला सुती रुमाल, डोळे तेवढे पूर्वीचेच. प्रणोती त्यांचं कपाळ चाचपत होती.

"सकाळपासून जरा कणकण आहे," ती म्हणाली. "उन्हानं असेल."

मी तिला बाहेरच्या खोलीत बोलावलं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. जिवाणू कुठला, कुठून आला, आईच्या पोटात कसा गेला. ती ऐकत राहिली. मग तिचा चेहरा बदलत गेला.

"प्रयोगाला उंदीर मिळाला नाही म्हणून माझी आई घेतलीस?"

"प्रणोती, मी इथं नव्हते गं..."

"बाटली तुझी. फ्रिज तुझा. मी गल्लीभर तुझं कौतुक करत फिरतेय, आणि तू..."

"ती नव्हतीच इथं," आत्या मध्ये पडल्या. "मी दिलं. माझ्या हातानं दिलं. बोलायचं तर मला बोल."

"तुम्हाला काय बोलू, छायाकाकी?" प्रणोती रडायलाच लागली. "तुम्ही रोज भरवताय तिला."

रडायलासुद्धा वेळ नव्हता. पेशी उतरलेल्या माणसाचा ताप म्हणजे थांबायची गोष्ट नाही. माझ्या नवऱ्यानं, संग्रामनं, गाडी काढली आणि आम्ही काकींना इस्पितळात नेलं. तिथल्या डॉक्टर शिरगुप्पे हळू बोलणाऱ्या बाई होत्या. माझं सगळं ऐकून त्या रागावल्या नाहीत, म्हणून मला जास्तच लाज वाटली.

"याला कुठलं औषध लागू पडतं?" त्यांनी विचारलं.

"पेनिसिलिनच्या घरातली सगळी. औषधाला दाद न देणारा एकही जीन यात ठेवलेला नाही, तो नियमच आहे. हा बघा त्याचा सगळा जीनक्रम."

"हे बरं केलंत. नाहीतर आम्ही अंधारात चाचपडत बसलो असतो." त्यांनी रक्त घ्यायला सांगितलं. "औषध आत्ता सुरू करते. पण रक्तात हा आहे का नाही, ते वाढवून बघितल्याशिवाय ठाम सांगता येणार नाही. यंत्रं आली, तरी जिवाणू आपल्याच वेळेनं वाढतो. दोन-तीन दिवस लागतील."

काकींना वेगळ्या खोलीत ठेवलं. आत फक्त प्रणोतीला जायची परवानगी मिळाली. आत्या बाहेरच्या बाकावर बसल्या, त्या उठायला तयार होईनात.

मी कॉलनीत परत आले आणि घरोघर जाऊन दही गोळा करायला लागले. मिरजेत विरजण कुठवर जाऊ शकतं याचा अंदाज मला नव्हता. आत्यांकडून कोऱ्यांकडे, कोऱ्यांकडून समोर, तिथून मागच्या गल्लीत. एकीनं तर बरणीत भरून एसटीनं माहेरी पाठवलं होतं. सगळ्यांना खरं सांगितलं. काहींनी तोंडावर दार लावलं. एक काका म्हणाले, "आमच्या पोटात आता फुलं उगवणार काय?" शेवटच्या घरातल्या वहिनींनी निमूटपणे पातेलं दिलं, पण माझ्या हातातलं वासमापक यंत्र त्यांच्या फ्रिजपुढे वाजतच राहिलं. मेथीच्या जुडीमागे एक वाटी लपवली होती.

"एवढं चांगलं दही," त्या हिरमुसल्या होऊन म्हणाल्या, "एक वाटी ठेवली तर काय बिघडतंय?"

सगळं दही आम्ही आमच्या अंगणात मोठ्या पातेल्यात उकळलं. वास गल्लीभर पसरला आणि मग विरून गेला. किण्वनाचा परवाना देणाऱ्या कार्यालयाला मी आपण होऊन कळवलं. तिथला अधिकारी आला, त्यानं गॅरेजला सील लावलं आणि जाताना म्हणाला, "मॅडम, तुमचीच चाचणी आम्ही मंजूर केली होती. घरातल्या दह्यात टाकून बघा, हे आम्हालाही सुचलं नाही." त्याच्या या बोलण्यानं सील काही निघालं नाही.

खरी काळजी इस्पितळातली होती. ताप चढत-उतरत होता, आणि दही बंद झाल्यापासून काकींनी पुन्हा तोंड मिटलं होतं. प्रणोती मला फोनवर दोनच शब्द बोलायची, "नाही खाल्लं." पुढच्या डोसचं काय होणार, हे दोघींनाही कळत होतं.

मग मला वाटलं, जिवाणू नको तर नको, वास तर देता येईल? माझ्याकडे पुण्याला नमुना म्हणून नेलेली कुपी होती. त्यातला वास गाळून शुद्ध केलेला, जिवाणूचा लवलेश नसलेला. लिनालूल काही परकं नाही, आपल्या धण्यांतही हाच रेणू असतो. डॉक्टरांना विचारलं, त्यांनी कागद तपासून होकार दिला. मी पेज शिजवली, तिच्यात सुईच्या टोकावर मावेल एवढा वास मिसळला आणि प्रणोतीच्या हाती आत पाठवली. डबा तसाच्या तसा परत आला. दुसऱ्या खेपेला वास थोडा वाढवला. तोही परत आला. त्या दिवशी मला वाटलं, आपण एका बाईच्या तोंडचा घास काढून घेतला आणि परत द्यायची अक्कलही आपल्याकडे नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर शिरगुप्पे स्वतः बाकापाशी आल्या. आत्या उभ्या राहिल्या.

"रक्तात काही वाढलेलं नाही," त्या म्हणाल्या. "तुमचा जिवाणू नाही, दुसराही कुठला नाही. तोंडात फोड आलेत, ताप बहुतेक त्यामुळे होता. पहाटेपासून उतरलाय आणि पेशी वर यायला लागल्यात. आता मास्क लावून भेटलात तरी चालेल."

आत्यांनी डॉक्टरांचे दोन्ही हात धरले आणि नुसते हलवत राहिल्या. मी भिंतीला डोकं टेकून हमसाहमशी रडले. इतकं सुटल्यासारखं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. परवाना, गॅरेज, अनंत, सगळं गेलं तरी चालेल असं त्या मिनिटाला खरंच वाटलं. नंतर तसं वाटणं थोडं कमी झालं, ती गोष्ट वेगळी.

आम्ही आत गेलो. पेजेचा डबा उशाशी तसाच होता, आज पाठवलेला. आत्यांनी स्टूल ओढलं, डबा उघडला आणि नेहमीसारखं विचारलं, "खाल्लं का नाहीस गं?"

"खाते की," काकी म्हणाल्या. त्यांनी चमचा घेतला आणि खायला लागल्या. एक घास, दुसरा, तिसरा. प्रणोती दारातच उभी राहिली.

"काकी, आज वास बरोबर जमलाय ना?" मी विचारलं.

"कसला वास?"

"अनंताचा. पेजेत घातलाय."

"मला कुठला वास येतोय, बाई," काकी म्हणाल्या. "पहिल्या औषधापासून नाक मेलंय माझं. फिनेल काय आणि बासुंदी काय, दोन्ही एकच."

आत्या स्टुलावर ताठ झाल्या. "मग रोज 'काय वास सुटलाय गं छाया' म्हणायचीस ते?"

"तू एवढ्या कौतुकानं वाटी नाकाखाली धरायचीस. तुला काय नाही म्हणू?"

"अगं, मग खात कशी होतीस आई?" प्रणोती जवळ आली. "माझ्या हातचं तर एक घास घेत नव्हतीस."

"तू भरवायला लागलीस की तोंड बघवत नाही तुझं. जणू मी आत्ताच चाललेय." काकींनी चमचा आत्यांकडे रोखला. "ही बया समोर येऊन बसायची. वाटी मोकळी होईस्तोवर हलायची नाही. आणि तोवर सुनेची गाऱ्हाणी. आमटीत हिंगच घालत नाही, टॉवेल खुर्चीवरच टाकते, हाक मारली की 'आले आले' म्हणते आणि येतच नाही. ऐकता ऐकता कधी संपायचं ते कळायचंच नाही मला."

मी आत्यांकडे बघितलं. आत्या मास्क सारखा करायला लागल्या.

"इथं तीन दिवस कुणी काही सांगायलाच नव्हतं," काकी म्हणाल्या. "ही बाहेर बसलीय कळत होतं. पण आत कशी येणार? एकटीनं कसं गिळायचं गं?"

आत्यांनी पदरानं डोळे टिपले. प्रणोती हसायला लागली, आधी बारीक, मग तिला आवरेना. तिनं कोपऱ्यातली खुर्ची ओढून माझ्यापुढे ठेवली. मी बसले. माझ्या नमुन्याच्या कुपीचं नाव कुणी काढलं नाही, मीही काढलं नाही.

काकींनी डब्यात बघितलं. अजून अर्धी पेज शिल्लक होती.

"आता सून तर समोरच बसलीय," त्या आत्यांना म्हणाल्या. "आज काय सांगणार तू?"

"तोंडावर सांगायला भिते होय मी?" आत्या म्हणाल्या. त्यांनी स्टूल आणखी पुढे घेतलं आणि माझ्या सकाळी उशिरा उठण्यापासून सुरुवात केली.

काकींनी डबा पुसून खाल्ला.